साळखात्यातला बासवाला

गेल्या फेब्रुवारीत माझा भाऊ कॉय होविस वारला, तेव्हा वर्तमानपत्रात द्यायच्या चार ओळी लिहून घ्यायला दफनवाल्यांचा माणूस माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. जन्मतारीख, आईवडिलांची नावं, चर्च, मिलमधली अठ्ठेचाळीस वर्षं, सगळं त्याने सुबक अक्षरात उतरवून घेतलं. मग पेन उचलून म्हणाला, "आणि वॉनीबाई, तुमच्या त्या गाण्याच्या तबकडीवर बास त्यांनीच वाजवला होता ना? माझे वडील अजून सांगतात. तेही घालू या की."

"ते नको," मी म्हटलं.

त्याला वाटलं असणार, दुःखाने बाई तुसडी झालीय. तशी मी सुखातही तुसडीच असते. पण त्या चार ओळींत मला ते नको होतं. भावाच्या नावावर मी अठ्ठावीस वर्षं खोटं खपवलं होतं. ते त्याच्यासोबत मातीत घालायची माझी तयारी नव्हती.

आम्ही कॅरोलिनातल्या शोल क्रीकची माणसं. गावात मिल एकच, आणि तिच्यात विणल्या जात त्या पलंगावरच्या चादरी. वडील कापूस पिंजायच्या खात्यात खोकून खोकून गेले, तेव्हा कॉय चौदाचा होता आणि मी सहाची. त्याच आठवड्यात तो साळखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणतात तिथे, झाडू मारायला लागला. अठराव्या वर्षी त्याला स्वतःचे माग मिळाले. मी सोळाची झाले आणि त्याच्या शेजारच्या रांगेत उभी राहिले. तुटलेला धागा एका हाताने कसा सांधायचा ते मला कॉयने शिकवलं, आणि मिलमध्ये बोलायचं कसं तेही त्यानेच शिकवलं.

साळखात्यात आवाज काढून बोलायची सोय नसते. चारशे मागांवर चारशे धोटे इकडून तिकडे आपटत असतात. तुम्ही बेंबीच्या देठापासून ओरडलात तरी शेजारच्याला फक्त तुमचे दात दिसतात. म्हणून आम्ही ओठ वाचतो. आवाज काढायचाच नाही, नुसतं तोंड नीट हलवायचं, आणि खात्याच्या त्या टोकाची बाई या टोकाचं सगळं समजून घेते. गावातल्या निम्म्या भानगडी अशाच पसरल्या. रविवारी पाद्रीबुवा नरकाच्या आगीचं वर्णन करत असत आणि आमच्या बायका या बाकावरून त्या बाकाशी कोणाची सून माहेरी निघून गेली ते बोलत असत. बुवांना वाटे, काय हे शांत, श्रद्धाळू लोक!

या विद्येची किंमत कानांनी मोजावी लागते. चाळिशीपर्यंत साळखात्यातला प्रत्येक जण थोडाफार बहिरा होतोच. कॉय तिशीतच झाला. डावा कान पार गेला आणि उजव्यात जे उरलं ते भिंतीपलीकडून आल्यासारखं. पण गावात कोणाला पत्ता लागला नाही, कारण गावात कोणाला कानांची गरजच नव्हती. तुम्ही बोलायला लागलात की कॉय तुमच्या तोंडाकडे बघे, नीट उत्तर देई, वर एखादा टोमणाही मारी. हे फक्त मला माहीत होतं. मी पाठीमागून हाक मारली की तो वळत नसे, एवढ्यावरून मला कळलं होतं.

बास आमच्या मामाचा. पूर्वी मामाचं तंतुवाद्यांचं एक टोळकं होतं. ते फुटलं तसा बास गोठ्यात गेला आणि त्यावर कोंबड्या बसायला लागल्या. कॉयने तो उचलून आणला, पाण्याने खसाखसा धुतला, पोटाला गेलेला तडा मागाच्या चामडी पट्ट्याचे तुकडे चिकटवून बुजवला. माणसापेक्षा उंच, व्हायोलिनच्या घाटाचं वाद्य, त्याला बगलेत धरून उभा राहिला की कॉय एखाद्या जाड बाईबरोबर नाचतोय असं वाटे. तो तार बोटाने ओढून सोडायचा, ती लाकडावर आपटायची, आणि लगेच वरून तळव्याची थाप. टक्-थाप, टक्-थाप. ढोलकवाला लागतच नसे. बोटांना मिलची चिकटपट्टी गुंडाळलेली असायची, तरी शनिवारच्या नाचानंतर तिच्यातून रक्त पाझरलेलं दिसे. हे सगळं त्याला ऐकू येत नव्हतं असंही नाही. बासची मान त्याच्या गळ्याच्या हाडाला टेकलेली असे आणि पोट कमरेला. तो ते हाडांतून ऐकायचा.

गिटार गारलंड स्ट्रूपची. गारलंड सूत गुंडाळायच्या खात्यात होता, पुढे तो माझा नवरा झाला. गायचे मी. तेव्हा रेडिओवर ते नवं संगीत नुकतंच आलं होतं, डोंगराकडच्या आमच्या जुन्या गाण्यांना कोणीतरी काळ्या वस्तीतला ठेका जोडून पळवत सुटल्यासारखं. रॉकबिली हे नाव मी फार नंतर ऐकलं. आम्हाला एवढंच कळत होतं की आठ तास मागापाशी उभं राहून मेलेले पाय त्या ठेक्यावर पुन्हा हलतात. आम्ही स्वतःला शटल बॉइज म्हणवून घ्यायचो, म्हणजे धोटेवाले. त्यात मी मुलगी होते हे कोणी मनावर घेतलं नाही.

वाजवताना कॉय नेहमी माझ्यासमोर, दोन पावलांवर, माझ्याकडे तोंड करून उभा राहायचा. प्रेक्षकांकडे त्याचा खांदा. गारलंड चिडवायचा, "कॉय, अरे जरा लोकांकडे बघ. बहिणीच्या तोंडाकडे असा बघतोयस, जशी काही तिने तुझ्या ताटातली भाकर पळवलीय."

"पळवते ती," कॉय म्हणायचा. "म्हणूनच नजर ठेवावी लागते."

आमचं एक गाणं होतं, मीच रचलेलं, 'तिसरी पाळी'. नवरा दिवसपाळीला, बायको रातपाळीला, दोघांची गाठ फक्त मिलच्या फाटकात पडते, असं ते गाणं. त्यात चार ठिकाणी सगळी वाद्यं एकदम थांबायची. मी चार ठोके एकटीच गायचे आणि पाचव्यावर बास आधी उडी मारायचा, मागून गिटार. लोक त्या थांब्याची वाट बघत. शनिवारचे नाच व्हायचे त्या स्केटिंगच्या हॉलमध्ये तर त्या चार ठोक्यांत एकही पाय जमिनीवर वाजत नसे. आणि कॉय एकदाही चुकला नाही, कारण तो थांबा त्याच्यासाठी माझ्या ओठांवर लिहिलेला असायचा.

सत्तावन्नच्या मार्चमध्ये तीस मैलांवरच्या एका रेडिओ स्टेशनच्या मिस्टर रँकिनने आम्हाला त्या हॉलमध्ये ऐकलं. स्टेशनच्या स्टुडिओत तो फावल्या वेळात तबकड्याही काढायचा. "शुक्रवारी सकाळी साडेआठला या," तो म्हणाला. "अकराला जागा रिकामी करा, दुपारी भजनवाले येतात. दोन गाणी, दोन बाजू. जमेल?"

आम्ही तिघंही तिसऱ्या पाळीला होतो. रात्री अकराला आत, सकाळी सातला बाहेर. जमेल, असं तिघांनी एकदम सांगितलं.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी कॉय माझ्या पायऱ्यांवर बसून ताकात मक्याची भाकर कुस्करून खात होता. म्हणाला, "वॉने, मी इतक्या चादरी विणल्यात की अर्धा देश माझ्या कामावर झोपतो. एकदा तरी कोणी माझ्यामुळे उठून उभं राहू दे."

मी हसले. तो हसला नाही.

"कान संपत आलेत," तो म्हणाला. "दोन वर्षं. फार तर तीन. त्याच्या आत माझा हात एकदा त्या तबकडीवर जाऊ दे. मग मला ऐकू नाही आलं तरी चालेल. कुठेतरी वाजत असेल, एवढं माहीत असलं की झालं."

"जाईल रे."

"आणि त्या रँकिनला माझ्या कानांचं सांगायचं नाही. बहिरा बासवाला म्हटलं की तो दारातूनच परत पाठवेल. आईची शपथ घे."

मी आईची शपथ घेतली. मला त्यात अवघड असं काही दिसलं नाही.

शुक्रवारी सातचा भोंगा झाला. केसांत कापसाचा भुरका तसाच. गारलंडच्या गाडीच्या टपावर गोधडीत गुंडाळलेला बास दोरांनी बांधला आणि निघालो. वाटेत थंड कोलाच्या बाटल्यांत खारे दाणे ओतून घेतले, मिलच्या माणसांचा नाश्ता तोच. मळके हात दाण्यांना लागत नाहीत. गारलंड गाडी चालवता चालवता पेंगत होता आणि मी त्याला कोपराने ढोसत होते. कॉय मागे बसून बोटांना नवी पट्टी गुंडाळत होता. रात्रभर उभं राहिलेलं शरीर सकाळी साडेआठला गाऊ शकतं असं ज्याला वाटतं, त्याने ते एकदा करून बघावं. माझ्या पोटऱ्या लाकडासारख्या झाल्या होत्या आणि डोळ्यांत वाळू होती.

स्टुडिओ म्हणजे एक खोली, भिंतींना पुठ्ठे ठोकलेले. एका बाजूला मोठी काच, काचेमागे मिस्टर रँकिन आणि त्याचं टेपचं यंत्र. तिथली शांतता मला अजून आठवते. दार लावलं की जगच बंद. आयुष्यात इतकी शांत जागा मी पाहिली नव्हती, आणि मला ती आवडली नाही.

पहिल्यांदा आम्ही नेहमीसारखे उभे राहिलो, कॉय माझ्यासमोर. पहिल्या कडव्यातच मिस्टर रँकिन धावत बाहेर आला.

"बाई, अहो, हळू! तुम्ही गाताय की आग लागल्याची वर्दी देताय? आवाजाचा काटा पार लाल रेघेपलीकडे गेला."

चारशे मागांत वाढलेल्या बाईला हळू म्हणजे काय ते कुठून कळणार? मी दोनदा प्रयत्न केला. हळू गायले की आवाजातलं पाणी जायचं आणि जोरात गायले की काटा जायचा. शेवटी त्याने लाकडी चौकटीवर एक जाड रजई टाकली, मला खोलीच्या कोपऱ्यात त्या रजईमागे भिंतीकडे तोंड करून उभं केलं, आणि म्हणाला, "आता हवं तेवढं ओरडा."

मी कॉयकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. शपथ होती म्हणून मी काही बोलले नाही. नुसतं म्हटलं, "मिस्टर रँकिन, मला भावाकडे बघून गायची सवय आहे."

"आणि मला धड रेकॉर्ड करायची सवय आहे," तो म्हणाला.

सुरुवात बरी झाली. कॉय आता गारलंडच्या उजव्या हाताकडे बघून वाजवत होता आणि सरळ ठेक्यात ते निभावत होतं. पण थांबा आला की गारलंडचा हातही थांबायचा. मी भिंतीला चार ठोके ऐकवायचे आणि मागे कॉय एकटा, काही न दिसता, काही न ऐकू येता. पहिल्यांदा तो अर्धा ठोका आधी आला. दुसऱ्यांदा उशिरा. तिसऱ्यांदा त्याने पायाने मोजायचा प्रयत्न केला, पण पाय रात्रभर उभे होते, त्यांना स्वतःचंच भान नव्हतं. असं करत करत नऊ वेळा झालं. गारलंडने थांब्यात गिटारची मान हलवून इशारा द्यायला सुरुवात केली, तर त्यातच त्याची तार तुटली. बोटांची पट्टी कॉयने दोनदा बदलली.

दहा वाजले. ड्वाइट सेटझर नावाचा स्टेशनचा बासवाला दुपारच्या भजनासाठी आला आणि भिंतीला टेकून आमचं ऐकत राहिला. भांग पाडलेला, कडक इस्त्रीची कॉलर. रात्रभर माणूस बिछान्यात झोपला होता हे त्याच्याकडे बघूनच कळत होतं, आणि कदाचित आमच्याच चादरीवर. त्याचा काही दोष नव्हता. तरी मला त्याचा राग आला.

मिस्टर रँकिनने मला काचेमागे बोलावलं. दार लावलं.

"तुमचा भाऊ प्यायलाय का?"

"नाही हो."

"मग त्याला झालंय काय? गाणं चांगलं आहे, तुम्ही चांगल्या आहात, पोरगा गिटार बरी वाजवतो. आणि हा माणूस प्रत्येक थांब्यावर तोंडावर आपटतोय. मी सकाळी सकाळी बेवड्यांसाठी टेप फुकट घालवत नाही."

कॉयने उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. बापाच्या जागी उभं राहून त्याने मला वाढवलं, आणि हा रँकिन त्याला बेवडा म्हणतोय, याने माझं डोकं फिरलं. मी म्हणून टाकलं, "तो पीत नाही. तो बहिरा आहे. त्याला काही ऐकू येत नाही."

मिस्टर रँकिन घड्याळाकडे बघून, अगदी सौम्यपणे म्हणाला, "हे आधी सांगायचं. बरं, असं करू. त्याला सांगा, झालं आमचं, छान झालं. तो बाहेर गेला की ड्वाइट दोन गाणी वाजवून टाकेल. त्याला कळेल का?"

मी दमले होते. मला घरी जाऊन झोपायचं होतं, आणि मला ती तबकडी हवी होती, कॉयला हवी होती त्याहून कणभरही कमी नाही. ती मला माझ्या नावाने हवी होती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "त्याला काय कळतंय?"

आणि वर पाहिलं.

काचेपलीकडे कॉय उभा होता, बास खांद्याला लावून, आणि त्याचे डोळे माझ्या तोंडावर होते.

दहा वर्षं मी ज्या माणसाशी चारशे मागांच्या गडगडाटात बोलत आले, त्याच्यासमोर मी एका काचेआड उभी राहून हे बोलले. त्या खोलीच्या शांततेने मला फसवलं, असं मी स्वतःला खूपदा सांगितलं. दार बंद म्हणजे बोलणं बंद, असं ऐकू येणाऱ्या माणसांना वाटतं. मी तेवढ्यापुरती त्यांच्यातली झाले होते.

मी बाहेर आले. "झालं," मी म्हटलं. "शेवटचं छान झालं. ते म्हणाले."

"हो का?" कॉय म्हणाला. त्याने बास हळूच भिंतीला टेकवला. "मग मी गाडीपाशी जातो. दोर सैल झाले होते, बघतो."

दोर घट्ट होते. ते त्यानेच बांधले होते.

ड्वाइट सेटझरला गाणं दोनदा ऐकूनच कळलं होतं. दुसऱ्या खेपेलाच तो चारही थांब्यांवर बरोब्बर उतरला. दुसरी बाजूही अर्ध्या तासात झाली. अकरा वाजले तेव्हा आम्ही बास गोधडीत गुंडाळत होतो. परतीच्या वाटेवर कॉय मागे डोळे मिटून बसला होता. तो झोपला नव्हता, हे मला माहीत होतं. डोळे मिटले की बहिऱ्या माणसाशी कोणी बोलू शकत नाही.

जूनमध्ये तबकडी आली. वर माझं नाव आणि खाली शटल बॉइज, एवढंच छापलेलं. मिलच्या फाटकासमोरच्या खानावळीत ती ज्यूकबॉक्सवर लावली, आणि तिसऱ्या पाळीची सगळी माणसं सकाळी सकाळी अंडी खाता खाता ऐकत उभी राहिली. पहिला थांबा आला, बास उतरला, आणि आमच्या रांगेतल्या मिस्त्रीने कॉयच्या पाठीत धपाटा घातला. "काय वाजवलंयस रे गड्या!"

कॉयने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काय ते मी म्हणेन म्हणून कॉय थांबला.

"माझा भाऊ आहे तो," मी म्हटलं. "वाजवणारच!"

कॉयने मान डोलावली. तिथून ते सुरू झालं. ती तबकडी सहा-सात आठवडे रेडिओवर वाजली, आसपासच्या तीन जिल्ह्यांत लोक तिच्यावर नाचले, आणि मग ती विसरली गेली. मिस्टर रँकिनने पुन्हा बोलावलं नाही. पण शोल क्रीकने ती विसरली नाही. न्हाव्याच्या दुकानात, चर्चच्या जेवणावळीत, कोणाच्या ना कोणाच्या लग्नात, कोणीतरी कॉयच्या पाठीत धपाटा घालायचा, कॉय माझ्याकडे बघायचा, मी हो म्हणायचे, आणि तो मान डोलवायचा. मला वाटायचं, मी त्याच्याकडून घेतलेलं असं थोडं थोडं परत करतेय. गारलंड दोन-तीनदा म्हणाला, "सांगून टाक त्याला. त्याला माहीतच आहे." मी म्हणायचे, सांगते, या रविवारी सांगते. मग गारलंड गेला, आणि ते म्हणणारंही कोणी उरलं नाही.

कॉयने पुढे दीड वर्ष नाचांमध्ये वाजवलं, माझ्यासमोर उभं राहून, पूर्वीसारखंच. मग म्हणाला, बोटं दुखतात, आणि बास शाळेला देऊन टाकला. एकसष्ट साल उजाडेपर्यंत उजवा कानही गेला. पुढची चोवीस वर्षं त्याने चादरी विणल्या. पंच्याऐंशीच्या वसंतात निवृत्त झाला, तेव्हा मिलने त्याला घड्याळ दिलं. गजराचं. कॉयला त्याचं भारी हसू आलं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हॉलंडहून योस्त नावाचा एक उंच, सोनेरी मिशांचा माणूस आमचा पत्ता हुडकत आला. आमची तबकडी त्याला कुठल्याशा जुन्या सामानाच्या दुकानात मिळाली होती. तिकडे म्हणे लोक असल्या गाण्यांसाठी वेडे होतात. त्याला अशा वीस विसरलेल्या गाण्यांची मोठी तबकडी काढायची होती, आणि सोबत एक पुस्तिका, तीत प्रत्येकाचं नाव. कॉय आणि मी ओसरीवर बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होतो. योस्त पायरीवर बसला आणि वही काढली.

"गिटार?"

"गारलंड स्ट्रूप. माझा नवरा. वारला."

"मला वाईट वाटलं," तो म्हणाला, आणि ते खरंच वाटल्यासारखं दिसलं. "आणि बाई, बास कोणी वाजवला? कृपा करून आठवून सांगा. आमच्याकडे सगळे हाच प्रश्न विचारतात. तो थांबा, आणि त्यानंतर तो बास ज्या तऱ्हेने येतो, त्यासाठीच तर मी इथवर आलो."

कॉयच्या हातातली शेंग थांबली. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. खानावळीत बघितलं होतं तसंच, पण आता त्या बघण्यात कसलीही आशा नव्हती. शिफ्ट सुटायच्या भोंग्याची वाट बघणारा माणूस बघतो, तसा तो माझ्या खोट्याची वाट बघत होता, म्हणजे एकदा ते झालं की मान डोलावून पुन्हा शेंगा सोलता येतील. ते उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. इतकी वर्षं ते तिथेच राहायला होतं.

मला चांगुलपणाचा झटका आला असं कोणी समजू नये. मी फक्त दमले होते. चौपन्न वर्षांची होते, पाय गेले होते, छाती भरलेली असायची, आणि ते एक वाक्य पुन्हा उचलायची माझ्यात ताकद नव्हती.

"ड्वाइट सेटझर," मी म्हटलं. "स्टेशनचा बासवाला होता. आमचा माणूस नव्हे."

योस्तने लिहून घेतलं. मग तबकडीचं कव्हर शोधायला पिशवीत तोंड घातलं.

कॉयचे ओठ हलले. आवाज काढला नाही, साळखात्यात बोलतात तसं, म्हणजे ते फक्त मला कळावं.

"कसा वाजवलाय त्याने?"

मला एकदम काही कळलंच नाही. मग कळलं. अठ्ठावीस वर्षं गाव त्याची पाठ थोपटत होतं, आणि त्या तबकडीवर नेमकं काय आहे ते त्याला माहीत नव्हतं. ऐकू येत नव्हतं, आणि विचारणार कोणाला? लोकांना वाटत होतं तो हात त्याचाच आहे. मला विचारायचं, तर त्याला सगळं ठाऊक आहे हे माझ्या तोंडावर सांगावं लागलं असतं, आणि ते त्याने मला ऐकवलं नाही. माझ्याच खोट्याने मी त्याचं तोंड बंद केलं होतं.

"नीट वाजवलाय," मी ओठ हलवले.

"थांब्यावर?"

"बरोब्बर येतो. चारही वेळा."

"माझ्यापेक्षा बरा?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं. त्याचे डोळे माझ्या ओठांवर होते.

"त्या दिवशी, हो."

कॉयने थोडा वेळ रस्त्याकडे पाहिलं. त्याने मला शिव्या दिल्या असत्या, शेंगांची पाटी उलटी केली असती, तर मला सोपं गेलं असतं.

"मग बरं केलंस," तो म्हणाला, आणि पुढची शेंग उचलली.